डाव्या हाताचा वाफा

४ नोव्हेंबर
गुलाब गेला! चिरंजिवांनी शाळेच्या मुलांची व्हॅन आत घेताना थेट वाफ्यात घातली. फाटकातून येताना वाफा डाव्या हाताला – वर्षानुवर्षं तिथेच आहे, काही रातोरात चालत आलेला नाही. "आई, अंदाज चुकला." गाडी चालवून पोट भरतो आणि म्हणे अंदाज चुकला! मी तोंडाला येईल ते बोलले.

५ नोव्हेंबर
नर्सरीवाला म्हणाला, चिरडलेली फांदी बांधून जुळत नाही, खाली हिरवं लागेल तिथे कापा. कापलं. बोटभर खुंट उरलाय. झाडासाठी डोळ्यांत पाणी आलं याचाच राग आला.

१९ नोव्हेंबर
खुंटाला लाल कोंब. सूनबाईला हाक मारून दाखवला. ती हसली, पण मन तिचं भलतीकडेच.

२२ नोव्हेंबर
आता शेवंतीची रोपं! या वेळी चिरंजिवांच्या पायाखाली. दिवसाढवळ्या, फाटकातून चालत येताना. गुलाबाचा कोंबही मोडला.
फैलावर घ्यायला तोंड उघडलं आणि त्याचा चेहरा पाहिला. खाली वाकून रोपं चाचपत होता. घाबरला होता. जगतील ती रोपं काड्यांना बांधली, बाकीची उपटून टाकली.

२३ नोव्हेंबर
वाफ्यापाशी बसून होते. डोक्यात एकच किडा वळवळतोय. व्हॅनचा डावा आरसा मध्यंतरी फुटला. त्याच्या डाव्या दंडावर दाराची चौकट लागून निळं झालंय. परवा त्याच्या हातून डावीकडचा पेला कलंडला.
संध्याकाळी मुद्दाम चहा घेऊन त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिले. कप त्याच्या गालाजवळ धरला. समोरच्या भिंतीकडे बघत तो म्हणाला, "आई, चहा देतेस ना?"

२४ नोव्हेंबर
सूनबाईला ठाऊक होतं. डॉक्टरांनी मागेच सांगितलंय – डावीकडचं दिसणं गेलं, परत येणार नाही, गाडी चालवायची नाही.
"लायसन्स गेलं तर खायचं काय, आई?" ती रडत म्हणाली.
तो म्हणाला, "मान वळवून बघतो गं मी. सवय झालीय. कुठे बोलू नकोस, तुझ्या पाया पडतो." आणि खरंच वाकला. एवढा मोठा घोडा, माझ्या पायांशी. मी त्याच्या केसांतून हात फिरवला. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही.
मुलं डाव्या दाराने चढतात-उतरतात.

२५ नोव्हेंबर
वाफ्याला पाणी घालायचं राहिलं. व्हॅन परत येईपर्यंत फाटकाशी उभी होते.

२६ नोव्हेंबर
सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापिकेला फोन करून सगळं सांगितलं. वळले तर तो ओल्या अंगाने दारात उभा. मुलं दुसऱ्या गाडीने गेली. पोटच्या पोराच्या तोंडचा घास मी काढला.