दोनदा ‘कृपया’

बेहाला, कोलकाता
मंगळवार

तीर्थरूप कमलताईस,

श्यामकांतचा शिरसाष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा तूर्त उभ्यानेच). तुझी साखर ताब्यात असेल आणि तुझ्या परागने लपवलेले पेढे तुला सापडले नसतील, अशी आशा आहे. आम्ही ठीक. कॉम्प्युटर आजारी होता, आता बरा आहे.

झालं असं. गेले चौदा महिने पडद्यावर रोज एक पाटी यायची, की सुरक्षेचा अपडेट आलाय, आत्ता घेता का? मी रोज ‘नंतर’ दाबायचो. पस्तीस वर्षं गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत काढलेला माणूस मी. चालती गाडी विनाकारण थांबवू नये, हे अंगात मुरलेलं. (सुचित्रा म्हणते, विनाकारण थांबलेल्या गाड्यांच्या कागदांवर तुमचीच सही असायची.) नूपुर बंगळूरहून ओरडायची, “बाबा, करून टाका ना, नाहीतर कुणीतरी ढुकेल!” घुसेल म्हणायचं असतं तिला; पोरगी इथलीच, तिचं मराठी अर्धं बंगाली. मी म्हणायचो, माझ्याकडे आहे काय? मंडळाच्या गणपतीची निमंत्रणं आणि गुडघ्याचे एक्स-रे. चोर आला तर हळहळून परत जाईल.

तो आला आणि कामालाच लागला. गेल्या सोमवारी माझ्या नावाने त्र्याऐंशी जणांना मेल गेली: ‘मी परदेशात संकटात आहे. कृपया मदत करा. कृपया उशीर करू नका.’ त्यात माझे जुने साहेब होते, मंडळाचे सगळे सभासद होते, तू होतीस. मला हे कळलं ते मंडळाच्या चंद्रकांतचा फोन आला तेव्हा. म्हणाला, “तुझ्या कॉम्प्युटरला काहीतरी झालंय बघ. श्यामकांत मदत मागेल? आणि तीही दोनदा ‘कृपया’ म्हणून?” मला आधी बरं वाटलं. कुणीच फसलं नाही, म्हणजे अब्रूच की. पण संध्याकाळपर्यंत दुसरा एकही फोन आला नाही, तेव्हा तितकंसं बरं वाटेना. सुचित्राने तुला विचारलं तर तू म्हणालीस म्हणे, आमचा शाम्या विहिरीत पडला तेव्हाही ओरडला नाही, बादलीला धरून बसला होता. (बादलीला नव्हे, दोराला.)

चौरस्त्यावरच्या दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटर साफ केला आणि एवढंच विचारलं, “मेशोमशाय (म्हणजे काका), कुलूप दर महिन्याला फुकट घरी येत होतं, तुम्ही लावत का नव्हता?” मग सगळे तुंबलेले अपडेट सुरू केले. ‘बंद करू नका’ असं लिहून आलं, म्हणून मी चार तास खुर्ची सोडली नाही आणि सुचित्राला मिक्सर लावू दिला नाही (त्याबद्दल ती तुला स्वतंत्र पत्र लिहिणार आहे). पासवर्डही बदलला. आता अपडेट आपोआप होतात, मी फक्त समोर बसतो.

बाकी कुशल. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा
श्यामकांत

ता. क. माझ्या नावाने पुन्हा काही मेल आली तर परागला उघडू देऊ नकोस.

आणखी एक ता. क. गुडघ्याच्या बाबतीतही मी दोन वर्षं ‘नंतर’च दाबत होतो. डॉक्टरांनी आता येत्या अठरा तारखेला ऑपरेशन ठरवलंय. नूपुर येतेय, कामाला बाई आहे, तुला काही करायचं नाही. नुसतं जवळ बसायचं. ताई, मला भीती वाटते. हे पत्र मुद्दाम हाताने लिहिलंय, अक्षर तुझ्या ओळखीचं आहे. कृपया ये. कृपया उशीर करू नकोस.