कापसाची खोली

पिंपळखुटा, डोंगराखाली
फाल्गुन वद्य नवमी, शके १७८६

चि. सौ. जमुना हिस सासूचे अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप असशील. तुझ्या आईवडिलांना माझा नमस्कार सांग. छोटीला एक पापा. तिचं नाव काय ठेवलंत ते मला कुणी सांगितलं नाही, म्हणून नुसतंच छोटी लिहिते. इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे मी बरी आहे. माझा पंजाबराव कापसाच्या बाजारासाठी अमरावतीलाच असतो. होळीलाही आला नाही.

हे पत्र तूच वाच, दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नकोस. अक्षरं तुला मीच शिकवली आहेत, माझं वळण तुला लागेल.

बातमी अशी, की पंचमीला डोंगरात वणवा लागला. चिखलदऱ्याच्या बाजूनं धूर दिसला, पण मोहफुलं वेचायला तिकडचे लोक दरसाल पाला जाळतात, म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही. सप्तमीला सकाळी वारा फिरला आणि अंगणातल्या तुळशीवर राख पडू लागली. गवताचं कुरण आणि आपलं घर यांच्यात एक बांध तेवढा आहे, तुला ठाऊकच आहे. आपल्या गड्यानं, पुंजारामनं, गाडीची बैलजोडी तेवढी ठेवून बाकी गुरांची दावी सोडली आणि गोठ्याचं गवती छप्पर ओढून पाडलं. मागच्या भिंतीशी रचलेली कापसाची वाळकी पऱ्हाटी मी आणि शेजारच्या रहिमाबीनं लांब नेऊन टाकली. हात सोलून निघाले. दारांना ओल्या शेणमातीचा लेप दिला. बांधाकडेचं गवत पुंजारामनं आपणहून पेटवलं आणि ओल्या गोणपाटानं झोडपून विझवलं, म्हणजे वणवा आला तर त्याला पुढं खायला काही उरू नये.

एवढं झाल्यावर रहिमाबी तुझ्या खोलीच्या दाराशी थांबली. तिचं सारं आयुष्य कापूस पिंजण्यात गेलेलं.

"बाई, हे काय भरून ठेवलं?"

"कापूस."

"ते दिसून राह्यलं मले. भायेरून दारं लिंपून राह्यल्या, आन घराच्या पोटात बारूद! एक ठिणगी झरोक्यातून आली का तुमचंच काजळ होईन."

मी म्हटलं, भाव अजून चढेल, हात लावू नका असा पंजाबरावाचा निरोप आहे.

पुंजाराम कधी नाही तो चिडला. "त्यायले अमरावतीत बसून निरोप धाडाले काय जाते? राख तं आपल्या आंगावर पडून राह्यली."

मग आम्ही तिघांनी दुपारपर्यंत गाडीच्या खेपांवर खेपा करून तो कापूस नदीच्या कोरड्या पात्रात नेऊन टाकला.

दोन वर्षांनी त्या खोलीची जमीन दिसली. कोपऱ्यातल्या भिंतीवर, बसलं की हात पोचेल एवढ्या उंचीवर, तू गेरूनं गिरवलेली अक्षरं तशीच होती. तुझं नाव चार-पाच वेळा. त्याच्याखाली एकदाच, सावकाश काढलेलं, माझं नाव. ते मी तुला शिकवलं नव्हतं.

मी खालीच बसले. रहिमाबीनं दंडाला धरून उठवलं. "उठा बाई, रडाचं मंग पाहू. आग काय थांबून राह्यली?"

वणवा बांधापर्यंत आला, जळक्या पट्ट्याशी अडला आणि दिवस मावळायच्या आत ओढ्याकडे वळून गेला. घर वाचलं. नदीतला कापूस मात्र गेला. ठिणगी कधी शिरली ते कळलंच नाही. काल सकाळी ढीग वरून पांढराच होता. रहिमाबीनं आत काठी घातली तर सगळा कोळसा.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते.

तू पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलीस. सासरहून मूळ गेल्याशिवाय सून परत येत नाही, आणि गाडी जोडून तुला न्यायला माणूस पाठवणं माझ्या हातात होतं. पंजाबरावानं दोनदा विचारलं, "आई, गाडी धाडू का?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "खोलीत कापूस आहे, लेकरू कुठं निजवशील?" तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. मुलगी झाली म्हणून मी रुसले, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं असतं तर सांगणं सोपं होतं. जमुना, तो कापूस कोठ्यात मावत होता. तुझ्या खोलीत भरा असं मी सांगितलं. संध्याकाळी तुम्ही दोघं तिथं हसायचात आणि मी चुलीपाशी बसून ऐकायची. तू हाक मारायचीस, मीच यायची नाही. वाटलं, थोडे दिवस लेक माझ्याजवळ राहील. तो अमरावतीला राहिला.

कापसाचं त्याला अजून कळवलेलं नाही. रागावेल. रागावून का होईना, घरी येईल.

खोली सारवून घेतली आहे. ती भिंत तेवढी तशीच ठेवली. पुंजाराम दर्यापूरला मुक्काम करून गाडी घेऊन येतो आहे, तेच मूळ समज. उशीर झालेलं मूळ आहे. लेकराला धक्के बसू नयेत म्हणून गाडीत कडब्यावर दोन गोधड्या अंथरल्या आहेत. तुला यायचं नसेल तर गाडी रिकामी पाठव, मी बोल लावणार नाही. बैलांना मात्र पाणी पाज, आणि छोटीचं नाव तुझ्या हातानं कागदावर लिहून पुंजारामजवळ दे.

भिंतीवर जिचं नाव लिहिलं होतंस ती,
पार्वताबाई