नारिंगी टाके

मंगळवार, ३ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र, पुस्तकाची छापायच्या आधीची पानं आणि तो राणी रंगाचा स्कार्फ, सगळं शुक्रवारी एकाच पुडक्यात पोचलं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण मशीन आता विजेवर चालतं, त्यामुळे त्याच्यावाचून फारसं अडत नाही. तुझा खोकला गेला का? लोकांसमोर इतकं बोलायचं असतं तुला, घसा जप.

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. हॉस्पिटलच्या शिवणखोलीत या वेळेला कुणी नसतं. समोर फाटक्या चादरींचा ढीग आहे आणि बटणं तुटलेले डॉक्टरांचे नऊ कोट. ही मंडळी बटणांचं काय करतात देव जाणे.

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. महिनाअखेरीला पुस्तकाच्या समारंभाला येऊन कोटाचा किस्सा मी माझ्या तोंडानं सांगायचा, ही एक. आणि अर्पणाचं पान वाचून चालेल की नाही ते कळवायचं, कारण ते सोमवारी छापायला जातं, ही दुसरी. दोन्हींबद्दल लिहितेच.

आधी पुस्तकाबद्दल. रोजच्या साध्या कपड्यांत एकच ठळक रंग आणायचा, हे तुझं म्हणणं मला पटलं, खोटं कशाला बोलू. करड्या सदऱ्यावर पिवळाधमक पट्टा, निळ्या स्कर्टखाली लाल मोजे. आणि भित्र्या माणसानं सुरुवात मोज्यांपासून करावी, कारण बुटातले मोजे आपले आपल्यालाच ठाऊक असतात. तिथं मी हसले. म्हटलं, हा धडा माझ्यासाठी दिसतोय.

शनिवारी तुझा स्कार्फ बांधून कामावर गेले. इथं सगळं पांढरं किंवा फिकट हिरवं, आणि त्यात आमचे करडे झगे. इस्त्रीवाला मला बघून दारातच थबकला. म्हणाला, "बाई, थांबायचं की पुढं जायचं?" दिवसभर मला सिग्नल म्हणत होता मेला. आमच्या मुख्य बाईंनी मात्र चष्मा सरळ करून नीट बघितलं. "शोभतोय हो," म्हणाल्या. "इतकी वर्षं कुठं होता हा रंग?" मी म्हटलं, बहिणीकडे. मी जरा जोरात बोलले असणार, कारण त्या लगेच चादरी मोजायला लागल्या.

दुपारी हात धुताना आरशात बघितलं, तर खरंच शोभत होता. गालांवर उजेड पडल्यासारखं दिसत होतं. बरं वाटायला हवं होतं ना? मला असा राग आला की तिथंच तो सोडून पिशवीत कोंबला. पन्नाशी उलटून गेल्यावर कळावं की राणी रंग आपल्याला शोभतो, आणि तेही तू पाठवला म्हणून.

आता अर्पणाचं पान.

बुधवार

काल इथवर लिहिलं आणि सुट्टी संपली. खरं म्हणजे दहा मिनिटं होती अजून.

तू लिहिलं आहेस: "ताईला. माझ्या करड्या कोटावर नारिंगी टाके तिनं मुद्दाम ठेवले, आणि मला रंग मिळाला." आत चार पानं भरून तो किस्साही आहे. कपड्यांच्या मोठ्या दुकानात तू मुलाखतीला गेलीस, तिथल्या बाईंनी तुला वळायला सांगितलं, तुझ्या पाठीवर मानेपासून खालपर्यंत नारिंगी टाक्यांची रेघ. बाईंनी विचारलं, "हे मुद्दाम केलंय?" आणि तू आरशात बघून ताडकन म्हणालीस, "हो, माझ्या ताईनं मुद्दाम ठेवलंय." तुला तिथंच कामावर घेतलं. पुढं तुझ्या प्रत्येक कपड्यावर कुठंतरी एक रंगीत रेघ आली, आणि त्या रेघेनं तुझं नाव केलं. छान लिहिलं आहेस. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल.

धाकटे, तू शिवणाऱ्या बाईची मुलगी आहेस. कच्ची शिलाई आपण भडक दोऱ्यानं का घालतो? उसवताना नीट दिसावी म्हणून. पक्की शिलाई झाली की तो दोरा ओढून काढायचा, एकही टाका मागं राहता कामा नये. राहिला तर आई काय म्हणायची? कपडा उघडा पडला म्हणायची. आपल्या घरात याच्याहून मोठी नामुष्की नव्हती. एका बाहीत बोटभर दोरा राहिला म्हणून तिनं मला गिऱ्हाइकाच्या घरी माफी मागायला पाठवलं होतं, अकरा वर्षांची असताना. तू सोबत होतीस. हे सगळं ठाऊक असून तुला ते टाके माया वाटले?

त्या दुकानानं आईकडे एक मुलगी कामाला मागितली होती. तुझ्यापेक्षा माझा हात चांगला होता. हे मी म्हणत नाही, तूही म्हणायचीस. पण आई तुला पुढं करून गिऱ्हाइकांना आपली ओळख करून द्यायची, "ही माझी कॉलर आणि हे माझं अस्तर," आणि सगळे हसायचे, मी पण. तर आई म्हणाली, "धाकटीला पाठवते. तू गेलीस तर इथलं शिवण कोण निभावणार?" वर हेही म्हणाली की मुलाखतीचा कोट तूच शिव, तुझ्याइतका नेटका कुणाला जमायचा नाही. मी आठ दिवस तो कोट शिवला. इतका चांगला कोट मी त्याआधी शिवला नव्हता आणि नंतरही नाही.

शेवटच्या दिवशी कच्चे टाके काढायला बसले. बाह्यांचे काढले, पुढचे काढले. पाठीचे काढले नाहीत.

विसरले नाही मी. कात्री हातात होती. सकाळी तू निघालीस तेव्हा मी स्वतः कोट धरला, तुला पाठ वळवू दिली नाही, वर केसही मागून नीट केले. तुला तिथं सगळ्यांनी हसावं असं मला वाटत होतं. त्या बाईंनी तुला दारातून परत पाठवावं आणि तू रडत घरी यावीस. आल्यावर तुला जवळ घ्यायची तयारीसुद्धा मनात करून ठेवली होती, बघ.

म्हणजे मुद्दाम ठेवले, हे तुझं वाक्य अगदी खरं आहे. एक अक्षरही चुकलेलं नाही.

आईला माहीत होतं. तू गेल्यावर तिनं केर काढला, सुपलीत बघितलं आणि विचारलं, "पाठीचा नारिंगी दोरा कुठंय?" मी म्हटलं, फेकला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग केर टाकून आली. पुढं तू नाव काढलंस तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला तीच सांगायची, थोरलीनं युक्ती केली म्हणून. माझ्यादेखत सांगायची. शेवटी अंथरुणाला खिळली, मी तिचं सगळं केलं, तरी एकदाही म्हणाली नाही की मला ठाऊक आहे. तुला काय वाटतं, मला वाचवत होती? मला वाटतं, बांधून ठेवत होती.

आणि तू दर वर्षी कुठल्यातरी मुलाखतीत माझे आभार मानत आलीस. लोक मला थांबवून सांगतात, काय बहीण आहात हो तुम्ही. मी मान हलवते. मी दुष्टपणा केला त्याचं तुझ्यासाठी सोनं झालं, आणि निमूटपणे घर धरून बसले त्याची माझ्या पदरात ही शिवणखोली पडली. हे कुणाला सांगू?

पण तुला खरं सांगते, मनाला लागतं ते वेगळंच आहे. ती रेघ आरशात बघून एक क्षणभरसुद्धा तुला वाटलं नाही की ताई माझ्यावर जळत असेल. जळण्याजोगं काही मला हवं असेल, हेच तुझ्या डोक्यात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही. ताई म्हणजे चांगलीच असणार, तिला दुसरं काय काम आहे.

तर ते पान काढ. सोमवारच्या आत काढ. किस्सा ठेवायचा असेल तर वर लिहिलंय तसा ठेव, माझी हरकत नाही, तुझ्या पुस्तकाला झेपलं तर. समारंभाला मी येणार नाही.

तू आयुष्यात माझ्यावर एकदाही रागावली नाहीस. रागवायला समोरचं माणूस बरोबरीचं वाटावं लागतं. हे वाचून तुला राग आला, खरोखरचा राग आला, तर मिळेल ती गाडी धरून ये आणि तोंडावर काय ते बोल. मी घरीच आहे.

आणि वाचता वाचताच मला माफ करून टाकलंस, तर येऊ नकोस.

तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी,
ताई