रिकामी वाटी, शहाण्णव टक्के

मुनिरका, दिल्ली
७ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप अप्पांस,
प्रज्ञाचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या सरहद्दीवरच्या चौकीवर फोन लागत नाही, म्हणून हे पत्र. दिल्लीत वाढलेल्या पोरीच्या मराठीला हसू नका, आणि चुका लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवू नका. मागच्या वेळी तेच केलं होतंत!

यंदा कॉलेजनं नवीनच काढलंय. प्राणिशास्त्राच्या प्रत्येकाला कॉम्प्युटरचा एक जोडीदार, आणि दोघांनी मिळून एकच संशोधन. माझ्या वाट्याला मयूर विहारचा अंशुमन आला. हुशार आहे, पण डासाची अळी बघितली की त्याला मळमळतं. मला त्याचा प्रोग्रॅम बघितला की तसंच होतं. मग वाटणी केली, अळ्या माझ्या, प्रोग्रॅम त्याचा. कूलरमधल्या डेंग्यूच्या अळ्यांचे फोटो मी माझ्या खोलीवर काढले आणि नाल्यातल्या साध्या अळ्यांचे त्याच्या घरी. दोन हजार फोटो, अप्पा! आता फोनवर फोटो दाखवला की प्रोग्रॅम सांगतो, ही डेंग्यूची की साधी. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा बरोबर.

१० ऑक्टोबरला सगळ्यांपुढे दाखवायचंय. आरोग्य खात्याची माणसंही येणार. त्यांना पटलं, तर आमच्या गल्ल्यांत ते हाच प्रोग्रॅम वापरणार आणि डेंग्यूची अळी निघेल तिथे आधी औषध टाकणार. पहिल्या जोडीला आमच्या मृणाल मॅडम चौथ्या वर्षाच्या संशोधनाला घेतील. नाही मिळालं तर कोरेगावला आई आहे आणि तिची स्थळांची यादी आहे. बाप रे! झोप उडालीय.

तब्येतीला जपा. माझ्यावर नेहमी ओरडता तेवढीच माया असू द्या.
तुमची प्रज्ञा


चौकी
१८ सप्टेंबर २०२५

चि. प्रज्ञास,
अप्पांचे भरभरून आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं, जवानांनाही वाचून दाखवलं. लाल पेन इथे मिळत नाही, सुटलीस. पाणी उकळून पीत जा. डेंग्यूच्या अळ्या खोलीत ठेवतेस हे वाचून माझाच जीव वरखाली व्हायला लागला. बादलीला झाकण आहे ना?

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. वीस वर्षं कुत्री शिकवली, तेवढंच येतं. म्हणून एक विचारतो, अडाणी म्हणू नको. स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्याची परीक्षा असली की माल लपवणारा माणूस दर वेळी बदलायचा, असा नियम आहे. बिजली नावाची कुत्री होती माझ्याकडे. दहादा लपवलं, दहादा शोधलं. पण माणसं कमी म्हणून दर वेळी लपवणारा मीच होतो. ती माल शोधतच नव्हती गं, माझ्या हाताचा वास शोधत होती. वेळेवर ध्यानात आलं म्हणून निभावलं. तुझा प्रोग्रॅम अळीच बघतोय ना? एकदा खात्री कर.

जेवणाची हयगय करू नको. म्हाताऱ्याचा लोभ आहेच, वाढवत राहा.
तुझे अप्पा


मुनिरका
३ ऑक्टोबर २०२५

ती. अप्पांस,
शि. सा. न.

विचारलंत कशाला हो तुम्ही? नसतं विचारलं तर बरं झालं असतं!

तुमचं पत्र परवा आलं, काल दसऱ्याच्या सुट्टीत निवांत उघडलं. वाचून हसले, आणि सहज म्हणून खोलीतली पांढरी वाटी घेतली, नुसतं नळाचं पाणी भरलं आणि फोटो काढला. प्रोग्रॅम म्हणाला, डेंग्यूची अळी, शहाण्णव टक्के. वाटीत काहीच नव्हतं, अप्पा. मग कूलरमधली खरीखुरी डेंग्यूची अळी स्टीलच्या ताटलीत घातली. म्हणाला, साधी.

झालंय असं, की इथे फोटो काढताना मी माझी पांढरी वाटी वापरली आणि अंशुमनच्या घरी त्याच्या आईनं, अरुणाकाकूंनी, स्टीलची ताटली दिली. एकाही दिवशी अदलाबदल केली नाही. प्रोग्रॅम अळ्या शिकलाच नाही, भांडी शिकला. अंशुमननं कधी बादलीत डोकावून पाहिलं नाही, मी कधी त्याच्या प्रोग्रॅममध्ये. दोघांनाही वाटत होतं, दुसऱ्यानं बघितलं असेल.

अंशुमनला सांगितलं तर तो आधी पांढराफटक पडला, मग म्हणाला की यार, दहा तारखेला आपल्याच भांड्यांत दाखवू, कुणाला कळणार नाही, नंतर गुपचूप दुरुस्त करू. मी नाही म्हणाले नाही. हेच मला सहन होत नाहीये. कारण खात्याची माणसं पंधरा तारखेपासून सुरू करणार, आणि इथे घरोघरी स्टीलचीच भांडी. प्रोग्रॅम साधी म्हणेल आणि ते पुढच्या घरी जातील. खालच्या मजल्यावरची सलोनी मागच्या वर्षी डेंग्यूनं अकरा दिवस दवाखान्यात होती. सात वर्षांची आहे ती.

आणि सांगितलं तर जागा गेली, बिल्कुल गेली. मॅडमच्या दारापर्यंत आज दोनदा जाऊन आले. तुमचं उत्तर दहाच्या आत येणार नाही हे माहीत आहे, तरी विचारते. काय करू?

घाबरलेय. रागावलात तरी चालेल, पण टाकू नका.
प्रज्ञा


चौकी
१२ ऑक्टोबर २०२५

चि. प्रज्ञास,
आशीर्वाद, आणि थोडी माफीही.

पत्र आज हेलिकॉप्टरनं आलेल्या टपालात हातात पडलं. दहा तारीख होऊन गेली. काय झालं असेल या विचारानं दिवसभर अन्न गोड लागलं नाही. खाली फोन लागतो तिथवर जायला परवानगी मागितली, बर्फामुळे वाट बंद आहे.

मागच्या पत्रात लिहिलं, वेळेवर ध्यानात आलं. ते खोटं होतं, पोरी. शंका मला परीक्षेच्या संध्याकाळीच आली होती. पण माझ्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. म्हटलं, सही होऊ दे, मग सांगू. नवव्या दिवशी बिजलीला घेऊन तुझे विश्वजितकाका गस्तीवर गेले. ती पुरलेल्या मालावरून सरळ चालत गेली. बिजली जागेवर गेली, विश्वजितचा पाय गुडघ्याखाली गेला. तो अजून म्हणतो, कुत्रीचं नशीब. सात वर्षं दर सुट्टीत दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये त्याच्या घरी जेवतो आणि मान खाली घालून उठतो. तुझ्या आईलाही माहीत नाही.

बढती मिळाली. तिच्यावरच तू शिकतेस. तू सांगितलं नसशील तर हे वाचताक्षणी जा. सांगितलं असशील तर तू माझ्यापेक्षा मोठी झालीस.

यापुढे लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.
अप्पा


मुनिरका
२५ ऑक्टोबर २०२५

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. नऊ तारखेला, तुमच्या पत्राची वाट न बघता. मॅडमच्या टेबलावर पाण्यानं भरलेली पांढरी वाटी ठेवली आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चारदा फोटो काढला. मग म्हणाल्या की हे मी जुलैतच विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांपुढे तीच रिकामी वाटी दाखवायला लावली. खात्याची माणसं चिडून निघून गेली, गल्ल्यांतलं काम लांबणीवर पडलं. चौथ्या वर्षाची जागा रुचिता आणि निखिलला मिळाली. मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले.

अंशुमन चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी आला, नाकाला रुमाल बांधून स्वतः बादलीत हात घातला आणि ओकला. आता दोघं एकाच ताटलीत सगळे फोटो नव्यानं काढतोय आणि मी त्याच्याकडून प्रोग्रॅम शिकतेय. सध्या शंभरात एकसष्टच बरोबर येतात. जागा नाही, तरी करतोय.

तुमचं पत्र बुधवारी आलं. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला मी कॅन्टोन्मेंटला काकांकडे गेले. काकांनी आग्रह करकरून वाढलं आणि तुमचं कौतुक सुरू केलं, की कुत्र्यांची पारख करावी तर शहाजीनंच. खूप राग आला तुमचा, अप्पा. तुमच्याऐवजी मीच सांगून टाकावं असंही वाटलं, पण ताट आवरून निघाले. ते सांगायचं काम माझं नाही.

जानेवारीत सुट्टीवर याल तेव्हा स्टेशनावरून आधी त्यांच्याकडे जायचं, मग घरी. एकट्यानं जाववत नसेल तर मी दारापर्यंत येईन. आत तुम्ही जायचं.

राग आहे आणि लोभही आहे. दोन्ही घेऊन वाट बघतेय.
तुमची प्रज्ञा