टिकल्यांच्या बाह्या

४ मार्च, सोमवार

आज पुन्हा! शेजारच्या काकू गेल्या म्हणून काकांना भेटायला गेले, तर अंगात पोपटी शर्ट. दारातून आत पाय टाकला तेव्हा लक्षात आलं. अर्धा तास पर्स छातीशी धरून बसले. परत येताना जिन्यात आई म्हणाली, "तुला कपाट घेऊन दिलं, बाई. डोकं कुठून आणून देऊ?"

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या लग्नाला कामावरून थेट काळ्या शर्टात गेले, तर एका आजोबांनी माझ्या हातात रिकामा ग्लास दिला. मी तो आत नेऊनही ठेवला!

कामावर मात्र हा प्रश्न नाही. हॉस्पिटलात मी खुणांची दुभाषी. डॉक्टर बोलतात, ते मी ऐकू न येणाऱ्या पेशंटला हातांनी सांगते. हात स्वच्छ दिसायला हवेत म्हणून साधा, गडद शर्ट. अंगठी नाही, नखांना रंग नाही, लोंबतं कानातलं नाही. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "तू फळा आहेस. फळ्यावर नक्षी काढायची नाही." सहा महिन्यांची उमेदवारी या तीस तारखेला संपते. मग कायम, नाहीतर घरी.

७ मार्च, गुरुवार

धाकट्या बहिणीचं लग्न! सकाळी कचेरीत सह्या, मग हॉटेलात जेवण. टॉप तिनंच निवडलेला. पिवळ्यावर मोठी फुलं आणि बाह्यांना मनगटापर्यंत चमचमत्या टिकल्या. जन्मात पहिल्यांदा मी प्रसंगाला शोभेलसं काही घातलं होतं. आई दोनदा "छान" म्हणाली, आणि ती एकदासुद्धा म्हणत नाही.

सूप आलं तेवढ्यात फोन. आजची दुभाषी तापानं पडली, पेशंट येऊन बसलाय, सगळ्यात जवळ तूच आहेस. गेले. लॉकरमधला काळा शर्ट नेमका धुवायला घरी. म्हटलं, दहा मिनिटांचं तर काम!

पेशंट म्हणजे साठीपुढचे एक घड्याळजी. सोबत कुणी नाही. हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या बुधवारी. रक्त पातळ ठेवणारी गोळी उद्यापासून बंद करायची, नाहीतर टेबलावर रक्त थांबायचं नाही. मी सांगत होते आणि ट्यूबलाइटखाली टिकल्या नुसत्या लखलखत होत्या. घड्याळजी डोळे बारीक करून बघत होते. समजलं? मान हलली. नक्की? पुन्हा हलली. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती त्यांनी घडी करून खिशात टाकली. डॉक्टरांचं अक्षर!

नियम आहे की पेशंटकडून परत वदवून घ्यायचं. तुम्ही सांगा, काय करायचं? मी विचारलं नाही. तिकडे केक कापायचे थांबले होते.

८ मार्च, शुक्रवार

मान हलली म्हणजे समजलं असं नव्हे. हे मीच नव्या डॉक्टरांना शिकवते!

९ मार्च, शनिवार

झोप नाही. जेवण नाही. आईला वाटतंय, धाकटी सासरी गेली म्हणून. वाटू दे.

घड्याळजींच्या फाइलमधला नंबर त्यांच्या सुनेचा. ती दुसऱ्या गावी. म्हणाली, "मेसेज करते, पण बाबा हल्ली फोन बघतच नाहीत हो. काही गडबड आहे का?" मी म्हटलं, छे, सहज. सहज! जीभ झडली कशी नाही माझी.

बाईंना सांगावं, तर कायम व्हायला तीन आठवडे उरलेत. न सांगावं, तर बुधवारी तो माणूस टेबलावर. मी तराजू घेऊन बसलेय याचीच मला लाज वाटते.

१० मार्च, रविवार

सकाळीच दुकान शोधून काढलं. काळा शर्ट, मोकळे हात. शटर अर्धं खाली. आत भिंतभर घड्याळं, सगळी वेगवेगळ्या वेळेची. घड्याळजी मागच्या खोलीतच राहतात.

मी हात उचलले तर त्यांनी मनगट धरून मला कामाच्या टेबलापाशी ओढलं, दिवा लावला आणि माझे हात त्या उजेडात आणले. मग खुणेनं म्हणाले, आता सांग. मी सांगितलं. गोळी. शुक्रवारपासून. बंद.

त्यांनी गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. शुक्रवारची घेतलेली. शनिवारची घेतलेली. आजचीही!

म्हणजे गुरुवारी त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. काळ्या शर्टात एका दमात कळलं! आता आणखी कसला पुरावा हवा? मी बाह्या दाखवून टिकल्यांची माफी मागितली. त्यांनी मान हलवली.

११ मार्च, सोमवार

रात्री आईला सांगितलं तर म्हणाली, "सांगू नकोस गं. त्यांनी गोळी बंद केली ना आता? उगाच हात दाखवून अवलक्षण!" माझा तर धंदाच हात दाखवण्याचा.

आठ वाजता बाईंच्या दारात. सगळं सांगितलं. फुलं, टिकल्या, केक, "सहज" सुद्धा. बाई बराच वेळ पेन उघडझाक करत होत्या. मग आधी डॉक्टरांना फोन. ऑपरेशन आठ दिवस पुढे. मग माझ्याकडे बघून, "फाइलमध्ये नोंद जाईल. तीस तारखेचं तीसला बघू. गुरुवारी घड्याळजी नव्या सूचना घ्यायला येतील तेव्हा तूच सांगायचंस. मी मागे उभी राहीन."

गेली बहुतेक नोकरी. पण आज रात्री झोप लागेल, इतकं हलकं वाटतंय. बाहेर येऊन जिन्यात रडले.

१२ मार्च, मंगळवार

तीन काळे शर्ट आणले. टॉप धाकटीला परत पाठवला. तिचा फोन, "अगं, काय झालं?" काय सांगू!

१४ मार्च, गुरुवार

घड्याळजी आले. माझा शर्ट काळा, इस्त्रीचा, अंगावर चमकणारं काही नाही. बाई मागे उभ्या. सावकाश सांगितलं. मान हलली. म्हटलं, आता तुम्ही सांगा. ते नुसते बसून राहिले.

पुन्हा सांगितलं. पुन्हा मान. मग खुर्ची पुढे ओढून, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ आले. माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चाचपले, सोडले आणि खुणेनं म्हणाले, वर्ष झालं, दिव्याखाली डोळ्यांशी आणल्याशिवाय मला हात दिसत नाहीत. तू काय घालतेस ते कधी दिसलंच नाही. घरी माहीत नाही. ऐकू येत नाही त्याचं कधी काही वाटलं नाही, पोरी. पण आता माझ्याशी बोलणार कोण?