वळवळणारं चांगलं पाणी

धाकटे,

तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. मी नीट पोचले, दोन वेळा जेवते, गुडघाही गप्प आहे.

नातीचं काम मात्र डोक्यात शिरत नाही. नदीत उभी राहून दगड उलटे करते, खाली जाळी धरते आणि जे सापडेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून मोजते. काल ट्रेमध्ये नुसती वळवळ होती. मी म्हटलं, "शी, केवढं घाण पाणी!" तर म्हणते, "आजी, हे किडे घाण पाण्यात जगतच नाहीत. ते आहेत म्हणजे पाणी चांगलं."

आता बोल! मी काय ऐकून घेते? ठसक्यात सांगितलं, "आमचा ओढा बघ, काचेसारखा. दोन वर्षांत त्यात ना मासा, ना बेडूक, ना किडा." तिने हातातला ट्रे खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "वरच्या अंगाला काही नवीन सुरू झालंय का गं?"

तो रंगाचा कारखाना दोन वर्षांपूर्वीचाच ना?

तुझ्या नवऱ्याचं पोट अजून दुखतं का? पोरगी खरी की माझे डोळे खरे, मला काही कळत नाही. तोवर ओढ्याचं पाणी पिऊ नका, उकळूनसुद्धा नको. विहीर लांब पडते म्हणून कुरकुरू नकोस. पुढच्या आठवड्यात पोरगी जाळी घेऊन ओढा तपासायला तिकडेच येणार आहे.

पोट दुखतं म्हणून तुझ्या नवऱ्याला मी खादाड म्हणाले होते, ते सध्या मागे घेते. पोरगी चुकली तर पुन्हा म्हणेन.

तुझी थोरली