दमलेल्या पायांची वीज

चि. धाकटीस थोरलीचे आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? यजमानांचा खोकला? मी मजेत आहे, फक्त दमले आहे. (आडवी पडूनच लिहितेय, ओळी घसरल्या तर समजून घे.)

कारण आपली नात. ती प्रयोगशाळेत प्लास्टिकचा रस सुईतून ओढून केसाहून बारीक तंतू काढते. ते एकावर एक पसरले की मऊ, पांढरं कापड होतं, आणि ते दाबलं की वीज निघते. (मुंगीलाही झटका बसणार नाही एवढीशी, पण निघते हो!) त्याचे तुकडे तिने माझ्या चपलांत घातले, घोट्याला वीज मोजणारी डबी बांधली आणि म्हणाली, "आजी, रोजच्यासारखं चाल." म्हातारं माणूस चालतं तेव्हा किती वीज मिळते, ते सरांना दाखवायचं होतं. तिचं पुढचं शिक्षण त्यावर ठरणार.

आता पोरीचं भवितव्य माझ्या तळव्याखाली, आणि मी रोजच्यासारखं चालू? उगाचच जिने चढले-उतरले. ओट्यापाशी उभी राहून पाय आपटले, वाटाणे सोलताना बसल्या बसल्या आपटले. खालचा शिंपी विचारायला आला, काकू, काही कुटताय का, माझी शिवण वाकडी जातेय. म्हटलं, वीज काढतेय. तो गुपचूप खाली गेला आणि सूनबाईला जिन्यात गाठून माझ्या डोक्याची चौकशी केली.

आकडे बघून सर म्हणाले, ही आजी नव्हे, पैलवान आहे, आकडे खोटे आहेत. पोरगी रडत घरी आली. आता सोमवारी सर स्वतः माझी चाल बघायला येणार, आणि माझे गुडघे कामातून गेलेत. तू मात्र काळजी करू नकोस, मी ठणठणीत आहे.

तुझी थोरली

ता. क. तुझा-माझा पाय एकाच मापाचा, चेहराही बराचसा सारखा. सरांनी मला पाहिलेलं नाही. सोमवारी माझ्या जागी चालशील का?

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आत नातीने पत्र वाचलं. म्हणाली, "मावशीआजीला कशाला त्रास? तू आत्ता डिंक घ्यायला पाय फरफटत आलीस ना, तेवढीच वीज मला हवी होती." म्हणजे मी मोडले तेव्हा कुठे कामाची झाले बघ. तरी तू ये, पाय चेपायला कोणीतरी हवंच. फक्त चेपण्याआधी माझ्या पायातल्या चपला काढ, नाहीतर तुझी सगळी मेहनत माझ्या चालण्यात जमा होईल आणि सर पुन्हा पैलवान म्हणतील.